इंग्लंडच्या कालव्यात आठवडाभर बोट चालवायची आहे, कागदाचा नकाशा कोणता घ्यावा?

आर्वीवाला
राजेहो, एक विचारायचं होतं. धाकटा भाऊ बर्मिंगहॅमले नोकरीवर आहे, त्यानं जूनमधे आमच्या सगळ्यायसाठी एक आठवडा नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब-अरुंद बोट, बुक केली. नँटविचजवळून निघायचं, लँगोलेन कालव्यानं वेल्समधे जायचं अन त्याच वाटेनं परत. बोट आपणच चालवायची, लायसन लागत नाही, निघायच्या आधी बोटवाले शिकवून देतात म्हणे. भाऊ म्हणते ॲप आहे, कागदाचा नकाशा कायले पायजे? पण आमचे बाबा रिटायर तलाठी, त्यायले नकाशा टेबलावर पसरून वर पट्टी ठेवल्याबिगर समाधान होत नाही, आतापासूनच विचारून रायले की कोणत्या दिवशी मुक्काम कुठं. ऑनलाइन पाह्यलं तं अख्ख्या देशाचा घडीचा नकाशा, निकल्सनची पुस्तकं, पिअरसनची पुस्तकं, काय काय आहे. सगळं घेनं काही परवडत नाही. कोणतं घेऊ? अन इकडं मागवू का तिकडंच घ्याले सांगू?

पांदणवाट
दादा, मी काही वर्षं तिकडे होतो म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, कालव्यात रस्ता चुकत नाही, फाटे मोजकेच आणि त्यांच्यावर पाट्या असतात. म्हणजे नकाशा वाट शोधायला लागतच नाही, तो लागतो पाणी कुठे भरायचं, संडासची टाकी कुठे रिकामी करायची, रात्री बोट कुठे बांधायची आणि मुख्य म्हणजे बोट वळवायची कुठे यासाठी. साठ फुटी बोट साध्या कालव्यात वळतच नाही, त्यासाठी मधे मधे काठ कोरून रुंद जागा केलेल्या असतात, त्याला वाइंडिंग होल म्हणतात. एक हुकली की पुढची येईपर्यंत सरळ जात राहायचं. हे सगळं ज्यात दिसत नाही तो नकाशा कितीही देखणा असो, बोटीवर बिनकामाचा. देशाचा घडीचा नकाशा त्यातलाच, भिंतीला लावायला छान.

तुमच्या रूटसाठी निकल्सनचा ४ नंबर घ्या, फोर काउंटीज अँड द वेल्श कॅनल्स. आत ऑर्डनन्स सर्व्हेचा (तिकडचं सरकारी नकाशा खातं) नकाशा आहे, म्हणजे आपल्याकडच्या टोपोशीटसारखा, काकांना आवडेल. पिअरसन वाचायला जास्त मजेदार, त्यात लेखकाची मतंही भरपूर, पण दोन्ही घ्यायची गरज नाही.

आणि प्रत्येक पुलाला नंबर असतो, पुलावर पाटी आणि तोच नंबर पुस्तकात. पाटी वाचली की आपण नेमके कुठे आहोत ते कळतं, मग रेंज असो नसो.

काटोलची_संत्री
काहून खर्चात पाडता बाप्पा त्यायले 😄 बऱ्याच भाड्याच्या बोटीत एक गाइडबुक ठेवलेलंच असते, बुक करताना विचारून घ्या. घरी पाह्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवरून तेवढा पट्टा काढा, कालवे अन लॉक (पाणी वरखाली करून बोट चढवा-उतरवायचे दरवाजे) दिसतात त्यात, झेरॉक्सच्या दुकानात ए थ्रीवर प्रिंट मारा अन लॅमिनेशन करून टाका. झालं काम.

पांदणवाट
बोटीतलं गाइड निघायच्या दिवशी हातात येणार हो, आणि काकांना मुक्काम आतापासून ठरवायचेत. प्रिंटची आयडिया चांगली आहे, फक्त कागद लहानमोठा केला की १:२५,००० असं जे प्रमाण छापलेलं असतं ते खोटं पडतं, पण खाली जी मोजपट्टी काढलेली असते ती नकाशासोबतच वाढते, म्हणून पट्टी त्यावरच ठेवायची. हे काकांना सांगायला नको म्हणा, त्यांची हयात यातच गेली असेल.

मुक्काम ठरवायचा हिशोब सोपा आहे, मैल अधिक लॉक भागिले ३, येतील तेवढे तास. हा कालवा सुरू होतो त्या हर्लस्टनपासून लँगोलेन गाव साधारण ४४ मैल आणि २१ लॉक, म्हणजे ६५ भागिले ३, जवळपास २२ तास जायला. यायलाही तेवढेच धरा, म्हणजे दिवसाला साडेसहा तासांच्या आसपास चालवणं आलं, सात दिवसांत होतं पण मधे निवांत बसायला फार वेळ नाही. आणखी एक, या कालव्याला ओढ आहे, डी नदीचं पाणी लँगोलेनच्या वरून यात सोडलंय आणि ते खाली हर्लस्टनच्या तलावात जातं, त्यामुळे चढताना बोट जड चालते आणि येताना पळते. जाण्याला वेळ जास्त ठेवा. लॉक बहुतेक सगळे सुरुवातीलाच आहेत, ग्रिंडली ब्रूकचे सहा संपले की पुढे न्यू मार्टनचे फक्त दोन.

वैनगंगाकाठ
आम्ही भंडाऱ्याचे, नदीकाठचे, ढिवर लोकाईच्या डोंग्यात बसून लहानाचे मोठे झालो, तिथं नकाशा म्हणजे नाव वल्हवणाऱ्याचं डोकं 😀 पण माझे साळे फ्रान्समधे कॅनाल दु मिदीवर जाऊन आले, ते सांगत होते की तिकडची गाइडं फ्रेंच, इंग्रजी, जर्मन अशा तीन भाषेत असतात, त्यामुळं पान भरलेलं अन माहिती थोडी. त्यायनं घेतलेल्या गाइडात पट्टी नकाशे होते, म्हणजे कालवा पानावर बसावा म्हणून फिरवलेला, एका पानावर उत्तर वर तं दुसऱ्या पानावर उत्तर आडवी. बानाकडं पाहनं होत नाही अन मानूस गोंधळते. घ्यायच्या आधी दोनचार पानं पाहूनच घ्या.

अन बाइंडिंग पाहा. उघडून पालथं ठेवता आलं पायजे, एका हातात सुकाणू असते. पावसाचं म्हणाल तं प्लास्टिकचं पाकीट इथूनच न्या.

आर्वीवाला
लय भारी माहिती देली सगळ्यायनं. बाबाले ते उत्तर आडवीवालं वाचून दाखवलं तं म्हणते असा नकाशा आमच्या ऑफिसात कोनी आनला असता तं परत पाठवला असता 😂 एक शेवटचं, सेकंडहँड ४ नंबर अर्ध्या किमतीत भेटून रायला, घेऊ का?

पांदणवाट
किती जुना आहे ते बघा. तारीख दिसत नसेल तर एक खूण सांगतो, आत सगळीकडे ब्रिटिश वॉटरवेज असं लिहिलेलं असेल तर तो २०१२ च्या आधीचा, कारण त्या वर्षी इंग्लंड-वेल्सचे बहुतेक कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे गेले. पूल, लॉक, वळायच्या जागा जुन्यातही बरोबरच, तुमच्या वाटेवरचा पोंटकिसिल्टचा लोखंडी जलसेतू, म्हणजे कालवाच वरून नेणारा पूल, १८०५ पासून तिथेच आहे, तो काही हलत नाही. पण दुकानं, पब, फोन नंबर, पाण्याचे नळ यावर भरवसा ठेवू नका, वेल्सच्या गावात दुकान आहे समजून गेलात आणि कुलूप निघालं तर आठ जणांचं जेवण अडेल. मला विचाराल तर नवीनच घ्या, भावाला तिकडे घ्यायला सांगा आणि पानांचे फोटो पाठवायला सांगा, काकांचं प्लॅनिंग त्यावर होईल.

दुरुस्तीसाठी बंद असलेले लॉक कोणत्याच छापील पुस्तकात सापडणार नाहीत, ते ट्रस्टच्या वेबसाइटवर निघायच्या आठवड्यात बघायचं.

जलसेतूवर एका बाजूला कठडाच नाही बरं का, बोटीच्या काठाखाली सरळ ३८ मीटर. लहान पोरं असतील तर आत बसवा.

काटोलची_संत्री
अन बोटवाल्याकडून लॉकचं हँडल अन ट्रस्टची चावी दोन्ही मोजून घ्या, रेनबरीचा उचलायचा पूल विजेवर चालते, तो चावीशिवाय उघडत नाही.