दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर थांबावं का?

मीरा_सातारा
भाचीला दोन वर्षं पूर्ण झाली. सांगितलेलं सगळं समजतं, हवं ते बोट दाखवून मागते. पण आई, बाबा, भूभू यांपलीकडे शब्द नाहीत. आजी म्हणतात, "तिचा बापही उशिराच बोलला, वेखंड चाटवा." माझं मत ठाम आहे: आधी कान तपासावेत, तेही याच आठवड्यात.

जुना_शिक्षक
असहमत. समज चांगली असलेली कितीतरी मुलं तिसऱ्या वर्षात भराभर बोलू लागतात. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनंसुद्धा २०२२ मध्ये पन्नास शब्दांचा टप्पा अडीच वर्षांवर ठेवला. शहरांत थेरपीची दुकानं निघाली आहेत, आईबाप घाबरून पैसे भरतात. पोरीला थोडा वेळ द्या.

वाचाउपचार_नाशिक
सर, तपासणी म्हणजे थेरपी नव्हे. कुकरच्या शिट्टीला मूल वळून बघतं, म्हणून घरचे कानांबद्दल निर्धास्त राहतात. वारंवारच्या सर्दीनं पडद्यामागे पाणी साठलं, की मोठे आवाज पोचतात, पण बोलण्यातले बारीक आवाज, 'स', 'फ' सारखे, निसटतात. जे नीट ऐकूच येत नाही, ते मुलाला बोलता येणार कसं? वेखंड कानापर्यंत पोचत नाही. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही. खर्चाची भीती असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे मोफत आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

पुणे_ते_बंगळूर
आमच्या प्लेग्रुपमध्ये सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला, मराठीनं मूल गोंधळतं. आम्ही मराठी बंद केली. मला तरी ते पटलं. दोन भाषांचं ओझं कशाला?

वाचाउपचार_नाशिक
कृपया मराठी पुन्हा सुरू करा. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट रंगवता, तीच मुलाला भरभरून मिळते. अडखळत्या इंग्रजीत घरातलं बोलणंच आटतं, आणि मुलाचं खरं नुकसान तिथं होतं.

मीरा_सातारा
मोबाईलबद्दलही सांगा ना. भाची जेवताना तासभर बडबडगीतं बघते. तिची आई म्हणते, त्यातूनच शब्द शिकेल.

वाचाउपचार_नाशिक
जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन वर्षं वयाला दिवसात जास्तीत जास्त एक तास म्हटलंय, कमी तेवढं बरं. मोबाईल उत्तराची वाट पाहत नाही. जेवताना "अजून भात हवा?" विचारून गप्प थांबा, तिच्याकडे बघा. ती "भा" म्हणाली तरी ते बोलणंच आहे.

जुना_शिक्षक
मोबाईलचं शंभर टक्के मान्य. कानही तपासा, हरकत नाही. पण अहवाल चांगला आला तर सहा महिने तिला कुठल्याही क्लासला घालू नका, एवढं मी म्हणणारच.

वाचाउपचार_नाशिक
सहा महिने नुसतं बसून नको. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि मधल्या काळात बोट दाखवणं कमी झालं किंवा असलेले शब्द गेले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.