रॉबर्ट हेअर यांची चेकलिस्ट: ३० गुण म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (अनुजा_व): कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्यावर टिपण लिहितेय. त्यांच्या चेकलिस्टबद्दल, म्हणजे सायकोपॅथीची (पश्चात्ताप, सहानुभूती नसलेला स्वभाव) लक्षणं तपासायच्या यादीबद्दल, जिथे तिथे एकच वाक्य सापडतं: ४० पैकी ३० गुण पडले की माणूस सायकोपॅथ. पण हेअर तर प्रयोगशाळेत घाम मोजणारे संशोधक. मग ते चेकलिस्टकडे कसे वळले? आणि गुण देतात कसे?

प्रतिसाद (तळटीप): घामापासूनच सुरुवात करा. १९६५च्या प्रयोगात कैद्यांसमोर १ ते १२ आकडे ओळीने येत. ८ वर विजेचा झटका बसणार हे त्यांना ठाऊक असे. इतरांना ८ यायच्या बऱ्याच आधी घाम फुटू लागे. सायकोपॅथ गटाचा आलेख जवळपास सपाट, चढलाच तर उशिरा. निष्कर्ष लक्षवेधी होता, पण पाया ठिसूळ. सायकोपॅथ कोणाला म्हणायचं हे जो तो संशोधक आपापल्या पद्धतीनं ठरवी, त्यामुळे एकाचे निकाल दुसऱ्याच्या निकालांशी ताडून बघता येईनात. चेकलिस्ट त्या गरजेतून जन्मली. १९८० साली २२ मुद्दे होते, १९९१च्या सुधारित आवृत्तीत २० राहिले. निदान हा मूळ हेतू नव्हताच, हे टिपणात जरूर लिहा.

प्रतिसाद (साक्षी_पुरावा): प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २. आधी फाइल वाचायची: जुने खटले, शाळा, नोकऱ्या, घरच्यांचे जबाब. मग दीड-दोन तासांची मुलाखत. हा क्रम उलटला की घात होतो, कारण वरवरची मोहिनी आणि सराईत खोटेपणा हे खुद्द यादीतलेच मुद्दे आहेत. 'पाच वर्षं एकाच ठिकाणी काम केलं' असं कैदी डोळ्याला डोळा भिडवून सांगतो, फाइलमध्ये मात्र तेवढ्याच काळात सात मालक. फाइल भरगच्च असेल तर मुलाखतीवाचून एकवेळ निभतं. फाइलशिवाय गुण देऊच नयेत.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे माहिती नसली की ० टाकणं. ० याचा अर्थ 'हा गुणधर्म नाही'. माहितीच नसेल तर मुद्दा गाळायचा (जास्तीत जास्त ५) आणि बेरीज प्रमाणात वाढवायची. १८ मुद्द्यांत २४ गुण असतील तर २४ × २० ÷ १८, म्हणजे सुमारे २६.७. गुण आयुष्यभराच्या वागणुकीला द्यायचे, शेवटच्या गुन्ह्याला नव्हे.

प्रतिसाद (तळटीप): आता ३०. ही संशोधनासाठी आखलेली रेघ आहे. ब्रिटनमध्ये बऱ्याचदा २५ धरतात. मापनातली चूकच ३ गुणांच्या आसपास असते, तेव्हा २८ आणि ३१ यांत फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कोर्टात तर सरकारी बाजूच्या तज्ज्ञाचे गुण बचावाच्या तज्ज्ञापेक्षा जास्त येतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलंय. एका आकड्यावर माणसाची सुटका अडते, म्हणून हे गंभीर.

अनुजा_व: आभार! आणि नेटवरच्या 'स्वतःला तपासा' प्रश्नावल्या?

साक्षी_पुरावा: त्यांचा या चेकलिस्टशी संबंध नाही. इथे उत्तरं कैदी भरत नाही, प्रशिक्षित परीक्षक भरतो, तेही फाइल समोर ठेवून.