जुन्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरांपासून बॅटरीवर चालणारा स्पीकर: ॲम्प्लिफायर, पेटी आणि सेल यांविषयी मार्गदर्शन हवे

अंगणवाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या अंगणात दर आठवड्याला अभिवाचन होते आणि त्यानंतर भजनाचा सराव चालतो. तीस-चाळीस माणसे जमतात. विजेचा भरवसा नसल्यामुळे बॅटरीवर चालणारा आणि एका हाताने उचलता येईल असा स्पीकर घरच्या जुन्या सामानातून बांधावा, असे मनात आहे.

माझ्याकडे एका जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर आहेत. प्रत्येकात ५ इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि एक ट्वीटर (वरच्या स्वरांचा) असून पाठीवर ६ ओहम लिहिलेले आहे. पावसाळ्यात ओल लागून त्यांच्या पेट्या फुगल्या आहेत, आतले भाग मात्र कोरडे दिसतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतील दोन लंबगोल स्पीकर आणि लॅपटॉपच्या निकामी बॅटरीतून काढलेले १८६५० आकाराचे सहा सेलही आहेत. चारही स्पीकर एकत्र जोडावेत का? ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा? आणि नवी पेटी केवढी असावी?

तारजोड

आधी मोजमाप करावे आणि खरेदी त्यानंतर करावी. वूफरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावल्यास ६ ओहमच्या स्पीकरला साधारण ५ ओहम दिसायला हवेत, कारण कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, नुसता रोध हा लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच असतो. काहीच आकडा न दिसल्यास कॉइल तुटलेली आहे असे समजावे. मग कोनच्या (वूफरच्या शंकूसारख्या पडद्याच्या) कागदावर दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून तो सरळ आत दाबावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल जागेवरून सरकलेली असते आणि असा वूफर वापरण्यात अर्थ नाही. कडेची गोल पट्टी रबराची किंवा कापडाची असेल तर उत्तमच. ती फोमची असेल आणि बोट लावताच तिचा भुगा होत असेल, तर तेवढी पट्टी बदलून घ्यावी लागेल. हे काम करून देणारे कारागीर बहुतेक शहरांत स्पीकर दुरुस्तीच्या दुकानांत भेटतात.

चारही स्पीकर एकत्र जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टीव्हीचे स्पीकर वेगळ्या ओहमचे आणि वेगळ्या संवेदनशीलतेचे (एका वॅटला एक मीटरवर मिळणाऱ्या आवाजाचे) असू शकतात; ते वूफरच्या जोडीला लावले की शब्दांची स्पष्टता वाढण्याऐवजी बिघडते. त्यांचा उपयोग पुढे स्वतंत्रपणे करावा.

आता पेटीविषयी, कारण हौशी बांधणीत सर्वांत जास्त हेळसांड तिथेच होते. अनोळखी वूफरला किती हवा लागते हे ठरवण्यासाठी पुष्कळ मोजमापे करावी लागतात, परंतु तुमच्याकडे त्याचे उत्तर आधीच आहे: ज्या पेट्या फुगल्या म्हणून तुम्ही टाकून देणार आहात, त्या बनवणाऱ्याने त्याच वूफरसाठी बेतलेल्या होत्या. त्यांची आतली लांबी, रुंदी आणि खोली मोजा. उदाहरणार्थ, १४ × २० × २४ सेंटिमीटर आले तर आतली हवा ६.७ लिटर होते. नव्या पेटीतही प्रत्येक वूफरला तेवढीच हवा द्या, दोहोंच्या मध्ये हवाबंद पडदी घाला आणि मागे किंवा पुढे हवेची नळी असेल तर तिचा व्यास व लांबी जशीच्या तशी ठेवा. नळी आखूड केली तर पेटीचा स्वर वर सरकतो आणि भजनातला मृदंग पोकळ वाजू लागतो. बॅटरी आणि सर्किट यांच्यासाठी तिसरा, वेगळा कप्पा करावा. लाकूड म्हणून १२ मिलिमीटरचा चांगला प्लायवूड घ्या. भुशापासून दाबून केलेल्या फळीचे पावसाळ्यात काय होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. ट्वीटरला लावलेला कपॅसिटर फेकू नका, तो ट्वीटरला खालच्या स्वरांपासून वाचवतो.

ॲम्प्लिफायरसाठी टीपीए३११० चिप असलेला तयार बोर्ड सुचवतो. तो ८ ते २६ व्होल्टवर चालतो. अशा बोर्डावर मिळणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाला ओहमच्या दुपटीने भागून अंदाजता येते: तीन सेल ओळीने जोडल्यास ११.१ व्होल्ट, म्हणून ६ ओहमवर प्रत्येक बाजूला सुमारे १० वॅट. हा आकडा छोटा वाटेल, कारण जुन्या सिस्टिमच्या खोक्यांवर पीएमपीओ म्हणून शेकडो वॅट छापलेले असत, पण त्या आकड्याला मोजमापाचा आधार नव्हता. वूफरची संवेदनशीलता ८६ डेसिबल धरली, तर १० वॅटवर एक मीटरवर ९६ आणि उघड्या अंगणात चार मीटरवर ८४ डेसिबल आवाज मिळतो. साधे बोलणे एक मीटरवर साठच्या आसपास असते, तेव्हा अभिवाचनाला हे भरपूर आहे. चौथा सेल ओळीत वाढवल्यास जेमतेम अडीच डेसिबलची भर पडेल.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची: या बोर्डावर स्पीकरची वजा तार ही जमिनीची तार नसते. दोन्ही स्पीकरच्या वजा तारा एकत्र बांधल्या किंवा बॅटरीच्या वजा टोकाला जोडल्या, तर चिप जळू शकते.

विद्युत्कर्मी

वरील सर्व मान्य आहे, परंतु लॅपटॉपच्या सेलविषयी माझा आक्षेप आहे. जिथे लहान मुले आणि वयस्कर माणसे पेटीशेजारी बसणार आहेत, तिथे इतिहास माहीत नसलेले लिथियम सेल ठेवणे मला पटत नाही. शक्य असल्यास लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार नवे सेल घ्यावेत. ते ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात, उष्णतेला ते अधिक स्थिर असतात आणि हाच ॲम्प्लिफायर त्यांच्यावर निर्धोक चालतो. त्यांना बीएमएस (सेल जादा चार्ज होऊ न देणारे आणि जादा उतरू न देणारे सर्किट) आणि १४.६ व्होल्टचा चार्जर मात्र त्यांच्याच प्रकारचा हवा.

तरीही जुनेच वापरायचे असतील, तर निवड निर्दयपणे करा. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करून पाहूच नये. त्यात आतले तांबे विरघळून पुढे अंतर्गत शॉर्ट होण्याचा धोका असतो. बाकीचे ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून दोन आठवडे तसेच ठेवा आणि जे ठळकपणे उतरतील किंवा चार्ज होताना गरम होतील ते बाजूला काढा. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने बसवून घ्या. सर्व सेल सारख्या व्होल्टेजवर ठेवणारा (बॅलन्स करणारा) बीएमएस, धन तारेत ५ अँपियरचा फ्यूज आणि १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जर या तीन गोष्टींत तडजोड नको. घरातला १२ व्होल्टचा कुठलाही ॲडॉप्टर इथे चालत नाही.

अंगणवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही वूफर ५.१ ओहम दाखवतात, कागद घासत नाही आणि कडा रबराच्या आहेत. सहापैकी दोन सेल २ व्होल्टच्या खाली निघाले, त्यामुळे विद्युत्कर्मी म्हणतात त्याप्रमाणे फॉस्फेटचे ६ अँपियर-तासांचे नवे सेल घेण्याचे ठरवले आहे. हा संच किती वेळ चालेल, आणि वाचणाऱ्यासाठी माइक ब्लूटूथने जोडता येईल का?

तारजोड

१२.८ व्होल्ट गुणिले ६ म्हणजे सुमारे ७७ वॅट-तास. वाचन आणि भजन यांत सरासरी खर्च ५ ते ६ वॅटच्या पुढे सहसा जात नाही, कारण १० वॅट हे केवळ क्षणिक उंचवट्यांना लागतात. म्हणजे बारा तास सहज निघतील.

माइक मात्र तारेचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो, आणि स्वतःचेच शब्द मागून ऐकू येऊ लागले की वाचणारा अडखळतो. डायनॅमिक माइकचा संकेत अतिशय क्षीण असल्यामुळे त्याच्यासाठी छोटा प्रीॲम्प्लिफायर बोर्ड लागेल. वाचणाऱ्याची बैठक स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते. गाण्यांसाठी ब्लूटूथचा बोर्ड लावलात आणि बारीक किरकिर ऐकू आली, तर त्याला बी०५०५एस या ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देणाऱ्या विलग कन्व्हर्टरमधून वीज द्या. फोनमधला मोनो आवाजाचा पर्यायही चालू ठेवा, म्हणजे अंगणात कुठेही बसलेल्याला टाळ आणि शब्द दोन्ही ऐकू येतील.