मदत हवी आहे: भिंत काढून वर मजला चढवायचा आहे. आधी आर्किटेक्ट की स्ट्रक्चरल इंजिनियर?

गच्चीवाला

तळमजल्याचं घर, वय पंचवीसेक वर्षं. दोन कामं एकदमच करायची आहेत: हॉल आणि स्वयंपाकघरामधली ९ इंची भिंत (लांबी साडेतीन मीटर) काढायची, आणि वर दोन खोल्या व बाथरूम बांधायचं. जुने नकाशे नाहीत. गच्चीवर कॉलमच्या सळया बाहेर ठेवलेल्या आहेत, त्यामुळे मिस्त्रीच्या मते मजला बिनधास्त चढेल.

आधी कोणाकडे जावं? इंजिनियर नक्की काय तपासतो? फीमध्ये काय काय धरायचं?

ओळंबा

या कामात आधी इंजिनियर. खोल्या कशा मांडायच्या हा आर्किटेक्टचा प्रश्न, पण मजला चढणार का, हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. नुसत्या तळमजल्यावर मांडणी बदलायची असती तर उलट क्रम चालला असता.

बाहेर ठेवलेल्या सळया एवढंच सांगतात की बांधताना कोणाच्या तरी मनात मजला होता. पाया त्या हिशेबाने घातला की नाही, हे पाया उघडल्यावरच कळतं. इंजिनियरने दोन-तीन ठिकाणी कॉलमलगत खड्डा घेऊन फुटिंगची (कॉलमखालच्या काँक्रीटच्या पसरट बैठकीची) लांबी-रुंदी, जाडी, खोली आणि खालची माती बघायलाच हवी. त्यातला एक खड्डा मधल्या कॉलमपाशी घ्या, कारण सगळ्यात जास्त भार त्याच्यावर येतो. फरशी फोडायला नको म्हणून फक्त बाहेरच्या बाजूचे दोन खड्डे घेतले, तर तपासणी अर्धवट राहते.

कॉलम-बीममध्ये किती सळया आहेत, केवढ्या आत आहेत, हे कव्हर मीटरने (काँक्रीट न फोडता सळया शोधणाऱ्या यंत्राने) कळतं. काँक्रीटच्या ताकदीसाठी बरेच जण नुसता रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारं उपकरण) मारून आकडा देतात. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्याने) कडक झालेला असतो, त्यामुळे हॅमरचा आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. थोडे तरी कोअर (यंत्राने कापलेले काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढून दाबून बघायला सांगा. त्याच भोकांत फिनॉल्फथॅलीन (रंग बदलणारं रसायन) फवारलं की गुलाबी होतो तो भाग ठीक, रंग न येणारा भाग कार्बोनेट झालेला. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर सळईला गंजापासून संरक्षण उरलेलं नाही.

सळई_बारा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. सळयांबद्दल थोडं.

१२ मिमीची सळई गंज खरवडल्यावर ११ मिमी भरली तर व्यास एकच मिलिमीटर कमी झाला असं वाटतं, पण क्षेत्रफळ १६ टक्के घटलेलं असतं. म्हणून वायर ब्रश मारून व्हर्नियरने मोजायची. शिवाय नव्या सळईशी लॅप (दोन सळया शेजारी ठेवून बांधायची लांबी) साधारण ५० व्यास धरला तर १२ मिमीला ६०० मिमी लागतो. गच्चीवर बहुतेकदा फूटभरच सळई ठेवलेली असते, आणि तीही कोणीतरी वाकवलेली. वाकवलेली जुनी सळई पुन्हा सरळ करताना वाकणावर तडकू शकते.

लांबी पुरत नसेल तर भोक पाडून केमिकल अँकरने (सळई चिकटवणाऱ्या रसायनाने) नवी सळई बसवता येते. यात घोटाळा होतो तो भोकातल्या धुळीमुळे. फुंकणे, ब्रश, पुन्हा फुंकणे हे झालंच पाहिजे, नाहीतर केमिकल धुळीला चिकटतं आणि सळई हाताने उपसून येते. भोकाची खोली आणि व्यास इंजिनियरने कागदावर द्यायचा, मिस्त्रीने ठरवायचा नाही.

ओळंबा

भाराचा ढोबळ हिशेब करून बघा, म्हणजे इंजिनियरशी बोलताना कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळेल.

मधल्या कॉलमच्या वाट्याला साडेतीन बाय साडेतीन मीटर, म्हणजे सव्वाबारा चौरस मीटर येतात असं धरू. १२५ मिमीचा स्लॅब चौरस मीटरला ३१० किलोच्या वर. वॉटरप्रूफिंग, गिलावा आणि गच्चीवरच्या माणसांचा भार धरून नवं छत सात टनांच्या आसपास जातं. आता भिंती. ९ इंची विटांची, ३ मीटर उंच भिंत गिलाव्यासकट धावत्या मीटरला सुमारे दीड टन. दोन्ही दिशांनी भिंत आली तर सात मीटर, म्हणजे दहा टन! स्लॅबपेक्षा भिंतीच जड. बीमचं वजन यात धरलेलंच नाही, आणि हजार लिटरची टाकी त्या कॉलमजवळ ठेवली तर आणखी एक टन.

एएसी ब्लॉकचं (हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीट ब्लॉकचं) वजन विटकामाच्या साधारण एक तृतीयांश असतं. पाया काठावर पास होत असेल तर निव्वळ भिंतीचं साहित्य बदलून काम निभावू शकतं. म्हणूनच आर्किटेक्टचा प्लॅन पक्का व्हायच्या आत इंजिनियर हवा. वरची भिंत खालच्या बीमवर आणायची की मधोमध स्लॅबवर, बाथरूम कुठे, टाकी कुठे, हे सगळं त्याच्या आकड्यांवर ठरतं.

गच्चीवाला

हिशेब वाचून डोळे उघडले. आणखी दोन शंका. भिंत काढायच्या कामाला वेगळं काही लागतं का? आणि एक आर्किटेक्ट म्हणतात की स्ट्रक्चरलचं आमच्याकडूनच होईल, वेगळा माणूस नको. चालेल का?

नकाशा

चालेल, पण हिशेब करणारा आणि नकाशावर सही करणारा इंजिनियर कोण, त्याची नोंदणी आहे का, आणि तो स्वतः साइटवर येणार का, हे आधी विचारा. "ऑफिसमधला मुलगा येऊन जाईल" असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

फी टक्केवारीत असो की ठोक रकमेत, त्यात काय येतं ते लिहून घ्या: तपासणीचा अहवाल, पाया आणि कॉलमच्या मजबुतीकरणाचे तपशील, बीम-स्लॅबच्या सळयांचे नकाशे, बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची याचा तक्ता), किती वेळा बदल फुकट, किती भेटी. कोअर आणि माती तपासणीचा खर्च बहुधा वेगळा असतो, तोही विचारा. भेटी कधी हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. सळई बांधून झाल्यावर पण काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक वेळी, आणि टेकू काढायच्या आधी. बाकी वेळी आला नाही तरी निभतं.

भिंतीचं म्हणाल तर ठोकून आवाजावरून भार कळतो हे विसरा. कॉलमच्या सळया दिसतात म्हणजे घर पूर्ण फ्रेमचंच असेल असंही नाही. बाहेर कॉलम आणि आत भारवाहू भिंती अशी मिश्र घरं असतात. वर बीम आहे का आणि तो दोन्ही टोकांना कॉलमवर टेकलाय का, हे गिलावा फोडून बघावं लागतं.

भिंत भार घेत असेल तर दोन्ही बाजूंनी टेकू देऊन मग लोखंडी बीम. टेकू नुसत्या फरशीवर उभे करू नका, खाली जाड फळी आणि त्याखाली भक्कम जमीन हवी. साडेतीन मीटरच्या गाळ्याला बीमचा झोल (भाराने मध्ये खाली वाकणं) १० मिमीच्या आत (लांबी भागिले ३६०) ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या विटकामाला तडे जातात. बीमची टोकं थेट विटांवर नकोत, काँक्रीटच्या पॅडवर हवीत. आणि बीम व वरचं काम यांतली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या भरावाने) ठासून भरायची. ग्राउट ताकदीला यायच्या आत टेकू काढले की सगळं दोन-चार मिमी खाली बसतं आणि वरच्या खोलीत कोपऱ्यातून तिरपी चीर दिसते.

सळई_बारा

एक राहिलं. करारात लिहून घ्या की इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांनी बीम-कॉलमला झिरी (वायर-पाइपसाठी खाच) मारायची नाही, भोकही नाही. बाथरूमच्या पाइपांची जागा काँक्रीट ओतायच्या आधी स्लीव्ह (पाइप जाईल असा नळीचा तुकडा) घालून ठेवायची. मजबुतीकरणावर खर्च करून नंतर बीमची खालची सळई कोअर मशीनने कापलेली सापडते, ती याच कामात.