मदत हवी आहे: कोकण सायकल टूरवर धाकटीला न्यायचं कसं? (तातडीचं)

ठाणेकर_चौघे
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं सायकलने कोकणात चाललोय. रूट ठरलाय, मुक्कामांना ॲडव्हान्स गेलाय, सायकलींचं सर्व्हिसिंग झालंय. एकच गोष्ट अडलीये. धाकटीला आत्तापर्यंत माझ्यामागे चाइल्ड सीटवर बसवत होतो, आता सायकलवाला म्हणतो ही सीट हिला चालणार नाही, नेलीत तर तुमच्या जबाबदारीवर. मग न्यायचं कसं तिला? ट्रेलर (सायकलमागे ओढायची मुलांची गाडी) इथे दुकानात दिसत नाहीत, बाहेरून मागवायचा तर माझ्या सायकलीपेक्षा महाग पडतोय. ज्यांनी मुलांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी प्लीज लवकर सांगा, दिवस थोडे राहिलेत. आणि "एवढ्या लहान पोरांना कशाला नेता" हे घरी रोज ऐकतोय, ते इथे नको.

घाटवाट
धाकटी म्हणजे किती वर्षांची? वजन किती? कोकणात म्हणजे कुठून कुठे? हे कळल्याशिवाय काय सांगणार. बहुतेक मागच्या सीटची मर्यादा २२ किलो असते, त्यावर असेल तर सायकलवाला बरोबर बोलतोय.

गिअर_११
चौघं म्हणजे दुसरं मूल पण आहे ना, ते स्वतः चालवणार का? त्याची सायकल कुठली, गिअर आहेत का? सगळे लहान्याचीच काळजी करतात पण टूरवर रखडतं ते मोठं मूल. सिंगल स्पीड असेल तर कोकणात विसरा.

मुपो_आंजर्ले
आमच्याकडे येताय, स्वागत आहे. कड्यावरच्या गणपतीला नक्की जा, वरून समुद्र फार सुरेख दिसतो. जेवण शक्यतो घरगुतीच घ्या आणि सकाळीच फोन करून सांगा, म्हणजे मोदक मिळतील. हॉटेलातली मासळी सुट्टीच्या दिवसांत ताजी असेलच असं नाही.

ठाणेकर_चौघे
@घाटवाट सहा पूर्ण, २४ किलो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, मग अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, मुरुड, गुहागर. रोज तीस-पस्तीस किमी, काही दिवस जास्त.
@गिअर_११ मोठा अकराचा, त्याच्याकडे २४ इंची गिअरवाली आहे, तो मस्त चालवतो, त्याचा प्रश्नच नाही.
प्रश्न फक्त धाकटीचा आहे.

तिखट_मीठ
दोनदा मुरुड कसं?

मुपो_आंजर्ले
पहिलं मुरुड-जंजिरा, रायगडातलं. दुसरं आमचं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यातलं. होमस्टे बुक करताना जिल्हा बघून घ्या हो, मॅपवर लोक चुकतात.

रस्ता_आणि_मी
स्पष्ट सांगतो, एक बॅकअप गाडी ठेवा. नातेवाईक, मित्र, भाड्याचा ड्रायव्हर कोणीही चालेल. सामान गाडीत, धाकटी गाडीत, कंटाळली की मोठाही गाडीत. आमचा ग्रुप असाच जातो आणि मुलं खूश असतात. सागरी मार्ग सपाट आहे हा लोकांचा गैरसमज आहे. प्रत्येक खाडीशी उतरायचं आणि पलीकडे लगेच सड्यावर (वरच्या पठारावर) चढायचं, गुहागरपर्यंत हेच. दिवसात किमी कमी दिसतात पण चढ मोजा.

डोंगरची_मैना
चढाबद्दल सहमत, गाडीबद्दल नाही. गाडी मागे असली की मुलं पहिल्या चढालाच गाडीत बसतात आणि मग उतरायला तयार नसतात. आम्ही दोघं नवरा-बायको मुलीला घेऊन रेवदंडा-मुरुड केलंय, गाडी नव्हती, ती दमली की थांबायचो, चिंचा पाडायचो, पुन्हा निघायचो. घाई नसली की मुलं बरंच अंतर जातात. आणि गाडीवाला तिथे तिष्ठत बसणार म्हणून आपणच पळायला लागतो.

रस्ता_आणि_मी
ताई, एका मुलीला घेऊन काशीदपर्यंत जाणं वेगळं आणि दोन मुलांना घेऊन दोन जिल्हे पार करणं वेगळं. केळशी-आंजर्ले पट्ट्यात मूल आजारी पडलं तर तिथून दापोलीला नेणार कशाने? हा प्रश्न मी सगळ्या पालकांना विचारतो.

डोंगरची_मैना
रिक्षाने. प्रत्येक गावात रिक्षा आहे, होमस्टेवाल्याला फोन केला की येते. मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं मुरुड, तिथपर्यंत गेलो होतो आम्ही, काशीदपर्यंत नाही.

ठाणेकर_चौघे
गाडी नकोच आहे. ते आमचं आधीच ठरलंय. मंडळी, धाकटीचं सांगा ना.

वेल्डिंग_ते_वॅगन
एवढं सोपं आहे. तिची जुनी छोटी सायकल घ्या, पुढचं चाक आणि फोर्क काढा, एक वाकवलेला पाइप वेल्ड करून तुमच्या सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) क्लॅम्प मारा. झाला टॅग-अलाँग. कुठलाही ग्रिलवाला दोन दिवसांत करून देईल.

घाटवाट
कृपया हे करू नका. त्या जोडावर सगळा खेळ असतो. वळताना तो आडवा फिरला पाहिजे, खड्ड्यात वरखाली झाला पाहिजे, पण बाजूला डुलता कामा नये. ग्रिलवाल्याच्या क्लॅम्पमध्ये थोडा जरी ढिलेपणा राहिला तरी मागचं मूल एका बाजूला कललं की पुढची सायकल खेचली जाते, आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की वेल्डवर प्रत्येक वेळी पीळ पडतो. तो तुटला तर उतारावर तुटेल, सपाटीला नाही. २४ किलोचं मूल आहे मागे.

वेल्डिंग_ते_वॅगन
माझा स्वतःचा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे, वेल्ड कसा टिकतो ते मला माहीत आहे. सीमलेस पाइप आणि नीट गसेट (जोडावर आधाराची पट्टी) मारलं तर काही होत नाही. वर सेफ्टी पट्टा बांधा. विकतच्या वस्तूवर डोळे झाकून विश्वास आणि आपल्या कारागिरावर अजिबात नाही, हे मला पटत नाही.

घाटवाट
तुम्ही स्वतः करून दिलंत तर गोष्ट वेगळी. मी कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याबद्दल बोलतोय. असो. @ठाणेकर_चौघे तुम्हाला टो-बार चालेल. तिची स्वतःची सायकल पुढचं चाक उचलून तुमच्या सीटपोस्टला जोडायची. गावात, सपाट निवांत रस्त्यावर सोडवून ती स्वतः चालवू शकते, चढ आला की जोडा. सहा वर्षांच्या मुलीला "मी पण चालवली" हे फार मोठं असतं, सीटवर नुसती बसली की दुपारी डुलक्या काढते. आता सांगा: तिची सायकल किती इंची? तुमच्या सीटपोस्टची जाडी किती, आणि अल्युमिनियम की कार्बन? मागे कॅरियर आहे का?

ठाणेकर_चौघे
१६ इंची. माझी हायब्रिड, सीटपोस्ट २७.२, अल्युमिनियम. कॅरियर आहे, त्यावर दोन पॅनियर (बाजूला लटकणाऱ्या बॅगा) आणि वर तंबू-स्लीपिंग बॅगचं बोचकं.

घाटवाट
मग हाच तर अडथळा आहे! कॅरियरवर बोचकं असेल तर बारला वळायला जागाच नाही, वळणावर दांडी बोचक्याला अडकणार. पॅनियर खाली लटकलेले चालतील, वरचं रिकामं पाहिजे. आणि होमस्टे बुक आहेत तर तंबू कशाला?

डोंगरची_मैना
ती १६ इंची वहिनींच्या सायकलला जोडा आणि सामान तुमच्याकडे ठेवा.

घाटवाट
उलट करा. जोडलेलं मूल ओढणारा जड आणि तगडा हवा, नाहीतर मागचं वजन पुढच्याला हलवतं. उतारावर ब्रेकही त्याच्याच भरवशावर. सामान वहिनींकडे, पण निम्मं करा.

डॅन्यूबकाठी
आम्ही जर्मनीत असतो, दोन मुलांना घेऊन पासाऊ ते व्हिएन्ना केलंय, सव्वातीनशे किमीच्या आसपास आहे. नदीकाठचा वेगळा सायकल रस्ता, जवळपास सगळा सपाट, कंटाळा आला की वाटेत ट्रेनमध्ये सायकलचं तिकीट काढून बसायचं. इथे ट्रेलरमध्ये झोपलेली मुलं सर्रास दिसतात. आपल्याकडे असा एखादा नदीकाठचा रस्ता झाला तर किती कुटुंबं बाहेर पडतील. तुमचा अनुभव नक्की लिहा, आम्हाला सुट्टीत आल्यावर कोकण करायचंय.

तिखट_मीठ
ट्रेनवरून आठवलं, परत कसे येणार? चिपळूणहून रेल्वेने असेल तर पार्सल ऑफिसला आधी विचारा. गाडी दोन मिनिटं थांबते तिथे ते सायकली चढवत-उतरवत नाहीत बऱ्याचदा, मग तुम्ही ठाण्यात आणि सायकली भलतीकडे. एसटीच्या नव्या गाड्यांना टपावर कॅरियरच नाही. चार सायकली असतील तर सरळ छोटा हत्ती करा.

कासवप्रेमी
वाटेत वेळास लागतं, कासवांची पिल्लं बघायला मिळतील का डिसेंबरात?

मुपो_आंजर्ले
नाही, तेव्हा फारतर माद्या अंडी घालायला येतात. पिल्लं साधारण फेब्रुवारी-मार्चपासून. आमच्या आंजर्ल्यालाही ऑलिव्ह रिडले येतात, त्यासाठी वेगळी ट्रिप करा.

गिअर_११
मोठ्याचा "प्रश्नच नाही" म्हणालात म्हणून परत लिहितोय. त्याच्या सायकलला मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं आहे ते मोजा. २८ असेल आणि पुढे एकच मोठं चक्र असेल तर तो चढावर ढकलतच जाणार. आणि ब्रेक. ब्रेकच्या लिव्हरपाशी, हँडलच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. दुकानातून सायकल येते तेव्हा तो मोठ्या माणसाच्या हातासाठी लावलेला असतो, अकरा वर्षांचं पोर नुसत्या बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढतं. ठाण्यात काही जाणवत नाही. लांब उतारावर बोटं बधिर होतात आणि मग पकड सुटते. त्याला सायकलवर बसवा, मनगट सरळ ठेवून पहिलं पेर लिव्हरवर नीट बसतंय का बघा. फिरवल्यावर केबलचा ताण पण पुन्हा बघा.

ठाणेकर_चौघे
@गिअर_११ आत्ता बघितलं. पुढे तीन चक्रं आहेत, मागे ३४. लिव्हर मात्र खरंच लांब होता, स्क्रू फिरवला, त्याला लगेच फरक जाणवला. मनापासून आभार.
@घाटवाट बायको पहिल्यापासून म्हणतेय तंबू नको. मुलांना एक रात्र तंबूत झोपायचं होतं म्हणून घेतला होता. काढला. टो-बार मागवलाय, आठवड्यात येईल म्हणतात.

पंक्चरमास्तर
ट्यूब किती घेताय आणि व्हॉल्व्ह कुठला? हायब्रिडला प्रेस्टा असेल, बारीक, वरून स्क्रूचा. कोकणात पंक्चरवाला मिळेल पण त्याच्या कंप्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, प्रेस्टाला बसत नाही. पितळी अडॅप्टर घ्या, अगदी स्वस्त असतो, व्हॉल्व्हला लावूनच ठेवा नाहीतर हरवतो. २४ आणि १६ इंचीच्या ट्यूब ठाण्यातूनच न्या, गावात मिळतीलच असं नाही. आणि मुलांच्या टायरमध्ये हवा मोठ्यांइतकी ठासून भरू नका, वजन कमी असतं, सायकल उडते.

रस्ता_आणि_मी
गाडी नाही तर नाही, पण एक ऐका. अलिबाग ते मुरुड शनिवार-रविवारी करू नका. रेवदंड्याच्या पुलानंतर रस्ता अरुंद आहे आणि सुट्टीच्या गाड्या काशीदसाठी सुसाट असतात. तो टप्पा आठवड्याच्या मधे येईल असं निघा, सकाळी उजाडता उजाडता. मूल जोडलेलं असेल तर मागे उंच झेंडा लावा, १६ इंची सायकल बोनेटच्या आड जाते, ड्रायव्हरला दिसतच नाही. मोठा मधे, वहिनी सगळ्यात मागे.

डोंगरची_मैना
यावर पूर्ण सहमत. हरिहरेश्वरलाही प्रदक्षिणा भरतीची वेळ विचारूनच, मुलं खडकांवर पुढे पळतात.

वेल्डिंग_ते_वॅगन
टो-बार आला की क्लॅम्पचे बोल्ट रोज सकाळी तपासा. हे विकतच्यालाही लागू आहे. पाइपवर बोल्टच्या जागी मार्करने रेघ मारून ठेवा, रेघ सरकली की समजायचं फिरतोय.

घाटवाट
ही रेघेची युक्ती चांगली आहे. आणि निघण्याआधी ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर चढ आणि उतार दोन्ही करून बघा, ती मागे असताना ब्रेक किती आधी दाबावा लागतो ते हाताला कळायला हवं. तिला एवढंच शिकवा की बाबा "थांबतोय" म्हणाला की पेडल थांबवायचं. चढावर तुम्ही उभं राहून मारू नका, बसूनच.

ठाणेकर_चौघे
बार आला की येऊरच. बाकी सगळं कळलं, निघायचा वार पण बदलला, मंगळवार केला. शेवटचं विचारतो, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे या तिन्ही फेऱ्यांत बार जोडलेला असताना सायकल तशीच चढवू देतात का, की प्रत्येक वेळी सोडवायची?

मुपो_आंजर्ले
देतात हो, पण तुम्ही सोडवाच. ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, आणि जोडलेली सायकल घसरली तर दोघंही घसरता. धाकटीला हात धरून आधी वहिनी नेतील, मग तुम्ही एकेक सायकल उतरून हातात धरून न्या. गाड्या चढून झाल्या की शेवटी चढा, आणि उतरताना पण गाड्यांना आधी जाऊ द्या, पलीकडे लगेच चढ आहे, मागून हॉर्न नको. शेवटची फेरी किती वाजता आहे ते आदल्या मुक्कामीच विचारून ठेवा.