'विश्वास', 'श्रद्धा', 'धर्म', 'मंडळी' : ख्रिस्ती लेखनात कुठला शब्द कुठे?

प्रश्न

एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. 'ऑर्गनाइज्ड रिलिजन' आणि 'पर्सनल फेथ' ही जोडी त्यात पानोपानी येते. विषय ख्रिस्ती धर्माचा आहे. पहिल्या खर्ड्यात मी 'संघटित धर्म' आणि 'वैयक्तिक श्रद्धा' असं लिहिलं. परत वाचताना दोन्ही शब्द खटकले. 'संघटित' म्हटलं की कामगार चळवळ डोळ्यांपुढे येते. 'वैयक्तिक श्रद्धा' म्हटलं की 'ज्याचं त्याच्यापाशी' असा सूर लागतो, आणि मूळ लेखात तो अजिबात नाही. शिवाय मराठी बायबल उघडलं की 'श्रद्धा' क्वचितच भेटते, जिथे तिथे 'विश्वास'. हे का? मी काय वापरावं?

उत्तर

तुम्ही 'श्रद्धा' शब्दावर अडलात हे चांगलं झालं. खरा प्रश्न तिथेच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या दुसऱ्या भागातला, मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस'. मन वळवणं, खात्री पटवणं या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं आहे. ग्रीक व्यवहारात तो भरवसा, पत, दिलेला शब्द, हमी अशा अर्थांनी चाले. त्याचंच विशेषण 'पिस्तोस', आणि त्याला दोन तोंडं आहेत : जो भरवसा ठेवतो तो, आणि ज्याच्यावर ठेवावा तोही. आता मराठीत पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात धनी चाकराला 'भल्या व विश्वासू दासा' म्हणतो. प्रेषित पौल करिंथ नगरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की देव विश्वसनीय आहे. मुळात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. 'विश्वास' घेतला की तो दोन्हीकडे पुरतो. 'श्रद्धा' घेतली तर चाकर श्रद्धाळू म्हणता येईल एकवेळ, पण देव श्रद्धाळू कसा म्हणणार?

'विश्वासघात' शब्द आहे, 'श्रद्धाघात' नाही. विश्वास मोडायला दुसरं कुणीतरी लागतं. श्रद्धा मूर्तीवर, विचारावर, गतकाळावर बसू शकते आणि समोरून काहीच न येता टिकूनही राहते. विश्वासाचं तसं नाही, तो दोघांमध्ये असतो. संस्कृतात 'विश्वस्'चा मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर आपला विश्वास असतो. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण ख्रिस्ती माणूस देवाशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल बोलतो तेव्हा तो बहुधा हेच सांगत असतो.

म्हणजे 'श्रद्धा' परका शब्द आहे असं मात्र नाही. पश्चिमेकडच्या उपासनेत विश्वासांगीकाराची, म्हणजे आपण काय मानतो ते ठरलेल्या शब्दांत म्हणण्याच्या मजकुराची, सुरुवात ज्या लॅटिन शब्दाने होते तो 'क्रेडो', म्हणजे 'मी विश्वास धरतो'. हा 'क्रेडो' आणि आपली 'श्रद्धा' एकाच जुन्या धातूतून आल्याचं भाषाशास्त्र सांगतं. हृदय ठेवणं असा त्याचा मूळ अर्थ बहुतेक अभ्यासक मानतात. आपण 'श्रद्धा' म्हणतो तेव्हा 'क्रेडो'च्या सख्ख्या बहिणीचं नाव घेत असतो. तरी बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी 'विश्वास' निवडला, आणि माझ्या मते अचूक निवडला. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती बोलीत यासाठी 'भावार्थ' आहे. तोही सुंदर शब्द, पण आजच्या मराठीत त्याचा अर्थ 'तात्पर्य' असाच होतो, तेव्हा तो आपल्याला उपयोगाचा नाही.

आणखी एक बारकावा. योहानाच्या शुभवर्तमानात 'पिस्तिस' हे नाम एकदाही येत नाही. क्रियापद मात्र नव्वदहून अधिक वेळा येतं. त्याच्या लेखी विश्वास ही बाळगायची वस्तू नाही, करायची गोष्ट आहे. म्हणून तुमच्या अनुवादात जिथे जमेल तिथे 'तिचा विश्वास होता' ऐवजी 'ती विश्वास ठेवत राहिली' असं करून पाहा. वाक्य एकदम जिवंत होतं.

आता 'रिलिजन'. लॅटिन 'रेलिगिओ'ची व्युत्पत्ती रोमन वक्ता सिसेरोने 'पुन्हा पुन्हा काळजीने पाहणं' या क्रियापदाशी जोडली, तर ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियसने 'बांधणं' या क्रियापदाशी. विधी काटेकोर पाळणं की देवाशी बांधलं जाणं? तुमच्या लेखातला वाद या दोन व्युत्पत्तींमध्येच दडलेला दिसतो. मध्ययुगात हा शब्द मठवासीयांच्या व्रतस्थ जीवनासाठी वापरत. 'जगातले अनेक धर्म, त्यांतला एक ख्रिस्ती' हा अर्थ त्यामानाने अलीकडचा.

मराठी 'धर्म' तर याहून पसरट. शेजारधर्म, पुत्रधर्म, पाण्याचा धर्म वाहणं. यात संस्था कुठेच नाही, कर्तव्य आहे, स्वभाव आहे. म्हणून 'धर्म विरुद्ध विश्वास' असं मराठीत मांडलं की वाचक गोंधळतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात शुद्ध आणि निर्मळ 'धर्माचरण' कशाला म्हणावं ते सांगितलंय : अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं आणि स्वतःला निष्कलंक ठेवणं. मूळ ग्रीक शब्द उपासनेच्या बाह्य विधींचा आहे आणि याकोब त्यात माणसांची विचारपूस भरतो. तुमच्या लेखिकेला जी टीका करायची आहे ती धर्मावर नसून धर्मसंस्थेवर आहे. तेव्हा 'धर्मसंस्था' लिहा. 'संघटित धर्म' हा शब्दाला शब्द लावून केलेला जोड आहे, तो मराठीत रुजलेला नाही.

शेवटचा शब्द 'चर्च'. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे नगरातल्या नागरिकांची बोलावलेली सभा. इमारतीशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रॉटेस्टंट मराठीने त्यासाठी 'मंडळी' घेतला, कॅथलिक मराठीने 'ख्रिस्तसभा'. दोन्हींत माणसं आहेत, भिंती नाहीत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाचा जॉर्ज फॉक्स इमारतीला चर्च म्हणायलाच तयार नव्हता. तो तिला 'मनोऱ्याचं घर' म्हणे. आपल्याला तेवढं करावं लागत नाही, कारण 'मंडळी' आयती आहे. लेखात जिथे अधिकार, नियम, हिशेब, पदं यांबद्दल बोलणं आहे तिथे 'चर्चसंस्था' आणि जिथे एकत्र आलेल्या माणसांबद्दल आहे तिथे 'मंडळी', असा भेद ठेवा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने लेखिकेला जे स्पष्ट करता आलं नसेल ते मराठीत आपोआप स्पष्ट होईल.

दुसऱ्या एका वाचकाचं मत

व्युत्पत्ती पटली, पण तुम्ही शब्दांच्या गोडव्यात मूळ दुखणं पुसता आहात असं वाटतं. माझ्या मावशीने काही वर्षांपूर्वी चर्चला जाणं बंद केलं. तिथल्या जबाबदार माणसांनी तिच्या अडचणीच्या काळात तिला जी वागणूक दिली त्यानंतर तिला तिथे बसवेना. घरी रोज पहाटे ती शास्त्र वाचते, प्रार्थना करते, आजाऱ्यांकडे जाते. तरी ओळखीतले लोक म्हणतात, 'तिने विश्वास सोडला.' मराठी ख्रिस्ती बोलीत 'चर्च सोडलं' आणि 'विश्वास सोडला' हे एकाच अर्थाने बोललं जातं, हे भाषेचंच अपयश नाही का?

आणि हे आजचं नाही. डेन्मार्कमध्ये तत्त्वज्ञ कीर्केगार्दने 1854-55 मध्ये राज्याच्या चर्चवर उघड हल्ला चढवला. सगळा देश ख्रिस्ती म्हणवतो म्हणून कुणालाच ख्रिस्ती व्हायची गरज उरलेली नाही, असा त्याचा आरोप. डॅनिशमध्ये ख्रिस्ताचं अनुसरण आणि ख्रिस्ती म्हणवणारा समाज यांना दोन वेगळे शब्द आहेत, त्या भेदावरच त्याचा सगळा भर होता. हिटलरला विरोध करणाऱ्या बोन्हॉफर या जर्मन पाळकाने 1944 मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत 'धर्मरहित ख्रिस्तीपणा'चा विचार मांडला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं गेलं. या माणसांना नुसता शब्द बदलून हवा नव्हता.

पुन्हा पहिल्या उत्तरकर्त्याकडून

तुमच्या मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. 'विश्वास सोडला' हा वापर चुकीचा आहे आणि निष्ठुरही आहे, असं मी स्पष्टच म्हणेन. ज्या शब्दाचा अर्थ मोकळा श्वास असा आहे, तो हजेरीपटासाठी वापरू नये. ज्यांनी तो तसा वापरला त्यांना कुणीतरी टोकायला हवं.

माझ्या उत्तरात हे दुखणं आलं नाही, ही उणीव मान्य. पण तुम्ही घेतलेल्या दोन्ही नावांबद्दल एक सांगू द्या. कीर्केगार्द मरणाच्या दारात रुग्णालयात होता तेव्हा त्याने पाळकाच्या हातून प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीने घ्यायची भाकर आणि द्राक्षारस) घ्यायचं नाकारलं. सामान्य विश्वासणाऱ्याच्या हातून घेईन म्हणाला. ते मिळालं नाही आणि तो त्याविनाच गेला. त्याला भाकर नको नव्हती, हुद्द्याचा हात नको होता. बोन्हॉफर तर तुरुंगापूर्वी फिंकनवाल्डला तरुण पाळकांना घेऊन एकत्र राहत होता, एकत्र प्रार्थना करत होता. दोघांनी नाकारली ती संस्थेची मिजास. दुसऱ्या माणसाची गरज त्यांनी नाकारली नाही.

म्हणून 'पर्सनल'साठी 'वैयक्तिक' चालेल, पण 'खासगी'शी त्याची गल्लत नको. खासगी म्हणजे दार लावून घेतलेलं. वैयक्तिक म्हणजे माझं मी दिलेलं उत्तर, जे चारचौघांतही देता येतं. याचा उत्तम पुरावा विश्वासांगीकारातच आहे. 325 साली नायसियाच्या परिषदेने जो ग्रीक मजकूर ठरवला त्याची सुरुवात 'आम्ही विश्वास धरतो' अशी, कारण बिशपांची सभा बोलत होती. उपासनेत तो लॅटिनमध्ये 'मी विश्वास धरतो' असा म्हटला जाऊ लागला. इंग्रजी कॅथलिक मिस्सेत (मुख्य उपासनेत) विसाव्या शतकात 'आम्ही' होतं, 2011 मध्ये ते बदलून पुन्हा 'मी' केलं. बाप्तिस्म्याच्या वेळचा अंगीकार मात्र मुळापासून 'मी'चाच, कारण पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःसाठी उत्तर द्यावं लागे. आणि तो 'मी' उच्चारला जाई मंडळीसमोर.

मराठीत हा पेच स्वतः जगलेला माणूस म्हणजे ना. वा. टिळक. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि 1917 मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले. बाहेर पडून एकटे बसले नाहीत. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यांनी निवडलेला शब्द बघा : चर्च नाही, मिशन नाही, समाजही नाही, दरबार. तिथे राजा एक आणि बाकी सगळे समोर उभे. संस्था सोडणाऱ्या माणसालाही एकत्र येण्यासाठी शब्द लागला, आणि तो त्याने आपल्या भाषेतून उचलला.

तुमच्या मावशी आजाऱ्यांकडे जातात म्हणालात. याकोबाचं 'धर्माचरण' वर आलंच आहे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. खर्डा बदलला. 'धर्मसंस्था', 'चर्चसंस्था' आणि 'मंडळी' हे तिन्ही आता वेगवेगळ्या जागी बसले आहेत. 'श्रद्धा' फक्त एका ठिकाणी ठेवली, जिथे लेखिका इतर धर्मांच्या लोकांबद्दल बोलते. 'वैयक्तिक'सुद्धा बऱ्याच ठिकाणी गळून पडला. नुसतं 'तिचा विश्वास' म्हटलं की पुरतं.

लेखात एक वाक्य होतं जे तीन दिवस जमत नव्हतं. लेखिका आपल्या आजीबद्दल लिहिते की तिने धर्म गमावला पण श्रद्धा राखली, असं काहीसं. आता ते असं लिहिलंय : 'आजीचं चर्च सुटलं. विश्वास ठेवायचं तिने सोडलं नाही.' मावशींबद्दल लिहिणाऱ्यांना विचारायचं आहे : यातलं 'सुटलं' तुम्हाला बरोबर वाटतं, की 'सोडलं' हवं?

मावशींबद्दल लिहिणाऱ्याकडून

'सुटलं'च ठेवा. तिने सोडलं नव्हतं.