वरातीच्या घोडीची ग्लँडर्स टेस्ट स्वतःहून करावी का?

मिरजेचा घोडेवाला: नमस्कार मंडळी. आमच्याकडं वरातीच्या दोन घोड्या आहेत, त्यातली एक अकलूजच्या बाजारातनं नवीन आणलीय. खाते-पिते, अंगावर तकाकी आहे, पण चार दिवस झाले डाव्या नाकपुडीतनं चिकट पिवळं पाणी येतंय. चुलतभाऊ म्हणतो ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या त्या जीवघेण्या साथीच्या रोगाची टेस्ट करून घे. पण पॉझिटिव्ह आली तर घोडी गेली आणि लग्नाचा सीझनपण गेला. कुणी स्वतःहून केलीय का?

पाचगणीकर: दादा, पहिलं तिला दुसरीपासनं लांब बांधा, आजच. बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं. 2006 ला आमच्या पाचगणीत न् पुण्यात ग्लँडर्स निघालेला, तेव्हा मी शाळेत होतो. तोपर्यंत सगळी घोडी एकाच हौदावर पाणी प्यायची, त्यानंतर वडलांनी प्रत्येक घोड्याची बादली वेगळी केली न् त्यावर ऑइलपेंटनं नाव घातलं. अजून तसंच चालतं आमच्यात. आम्ही दरवर्षी सीझनच्या आधी घोड्यांचं रक्त तपासायला देतो, कारण आमच्या घोड्यांवर लहान पोरं बसतात.

गुरांचा डॉक्टर, कराड: नाकातनं पाणी म्हणजे ग्लँडर्सच असं नाही, स्ट्रँगल्सपण असू शकतो, त्यात जबड्याखाली गाठ येऊन फुटते न् घोडं बरं होतं. पण नुसतं बघून ठरवू नका, जुनाट ग्लँडर्सचं घोडं कित्येक महिने ठणठणीत दिसतं आणि रोग पसरवत राहतं. नाकपुडीच्या आत व्रण किंवा मागच्या पायाच्या आतल्या बाजूला गाठींची माळ दिसते का बघा, पण हातमोजे न् मास्क घालूनच, हा माणसालापण होतो न् जिवावर बेततो. सरकारी दवाखान्यात सांगा, मानेच्या शिरेतनं रक्त घेतात, त्यातलं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) हरियाणातल्या हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडं जातं. आधी एलायझा नावाची टेस्ट, त्यात पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या टेस्टनं पक्कं करतात, त्यामुळं एका रिपोर्टवर घोडी जात नाही. लस नाही, पक्कं झालं तर मात्र कायद्यानं जनावर संपवावंच लागतं. भरपाई घोड्याला 25 हजार. घोडीची किंमत त्यात निघत नाही हे मलापण कळतं, पण लपवलं तर दुसरीपण जाईल आणि घोडीच्या तोंडाशी दिवसभर तुम्हीच असता.

मिरजेचा घोडेवाला: डॉक्टर, धन्यवाद. घरात पोरगा सहा वर्षांचा आहे, तोच तिला रोज गूळ भरवतो, हे वाचून अंगावर काटा आला. घोडी मळ्यातल्या शेडात हलवली, उद्या सकाळी दवाखान्यात जातो. रविवारच्या वरातीची सुपारी परत केली.